न तपासलेल्याची खात्री

आधार क्रमांकाचे अंक बारा, पण क्रमांक म्हणून खरे काम पहिले अकराच करतात. बारावा अंक त्या अकरांवरून हिशेबाने काढलेला असतो. लिहिताना, सांगताना किंवा टाइप करताना चूक झाली तर ती जागच्या जागी पकडायची, एवढ्यासाठीच तो आहे. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आज शंभर कोटींहून अधिक क्रमांकांच्या शेवटी हा अंक बसलेला आहे, आणि रेशनच्या दुकानापासून बँकेच्या खिडकीपर्यंत कोणालाही त्याची दखल घ्यावी लागत नाही. मला जे म्हणायचे आहे त्याचा गाभा या एका अंकात सापडतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

आकडे उतरवून घेताना माणसाच्या हातून प्रामुख्याने दोन चुका होतात. एखादा अंक बदलतो, ३ चा ८ होतो. किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल होते, २७ चे ७२ होतात. पडताळणीचा अंक काढायची सर्वांत सोपी रीत म्हणजे सगळ्या अंकांची बेरीज करायची आणि तिच्या एककस्थानचा अंक शेवटी जोडायचा. एक अंक बदलला की बेरीज बदलते आणि चूक कळते. अदलाबदलीत मात्र बेरीज तीच राहते. मग जागेनुसार वजन द्यावे असे सुचते : पहिल्या अंकाला एकाने गुणायचे, दुसऱ्याला तिनाने, तिसऱ्याला आणखी कशाने, आणि मग बेरीज घ्यायची.

कोणती वजने चालतील? वजन २ घेतले तर १ आणि ६ यांचे गुणाकार २ आणि १२ येतात. एककस्थान सारखेच, म्हणजे १ च्या जागी ६ लिहिला तरी पत्ता लागणार नाही. वजन ५ घेतले तर प्रत्येक सम अंकाचा गुणाकार शून्यावर संपतो. थोडक्यात, २ किंवा ५ ने भाग जाणारे वजन बाद. उरली १, ३, ७ आणि ९. चारही विषम, आणि दोन विषम संख्यांमधला फरक नेहमी सम असतो. आता शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की बेरजेत किती फरक पडतो? दोन वजनांमधला फरक गुणिले दोन अंकांमधला फरक. अंक २ आणि ७ असतील तर त्यांच्यातला फरक ५. सम संख्या गुणिले पाच म्हणजे दहाची पट. एककस्थान जागचे हलत नाही आणि चूक निसटते. वजने कोणतीही निवडा, कितीही हुशारीने निवडा, या मार्गाने दोन्ही प्रकारच्या सगळ्या चुका पकडणे अशक्य आहे.

हे निव्वळ कागदावरचे नाही. २००७ पासून पुस्तकांवर जो तेरा अंकी आयएसबीएन छापला जातो, त्यात १ आणि ३ हीच वजने आळीपाळीने वापरतात, आणि शेजारच्या २ व ७ ची अदलाबदल त्याला खरोखरच कळत नाही. आधीच्या दहा अंकी आयएसबीएनने ११ ने भागून बाकी घेण्याची वाट धरली होती. अकरा ही मूळ संख्या असल्याने अडचण सुटते, पण बाकी दहा आली की एका अंकात मावत नाही. म्हणून जुन्या पुस्तकांच्या क्रमांकाच्या टोकाला अधूनमधून रोमन दहाचे चिन्ह दिसते.

याकोबुस फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये वेगळीच वाट काढली. त्याने बेरीजच सोडून दिली. नियमित पंचकोन घ्या. तो स्वतःवर तंतोतंत बसेल अशा त्याच्या हालचाली बरोबर दहा असतात : पाच फिरवण्याच्या, पाच पालटण्याच्या. या दहा हालचालींना शून्य ते नऊ अशी नावे द्यायची आणि अंकांची बेरीज करण्याऐवजी हालचाली एकापुढे एक करत जायच्या. बेरजेत क्रमाला किंमत नसते. पंचकोन आधी फिरवून मग पालटला आणि आधी पालटून मग फिरवला, तर तो वेगवेगळ्या जागी थांबतो. अदलाबदल पकडायला हवे असलेले नेमके हेच. नुसत्या फिरवण्याच्या हालचालींत क्रम तरीही बिनमहत्त्वाचा राहतो, म्हणून प्रत्येक जागी अंकांची आधी एक ठरावीक उलथापालथही केली जाते. आधारचा बारावा अंक या पद्धतीने निघतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले, तर ती चूक पकडली जातेच. सहसा नव्हे, बहुतेक वेळा नव्हे, अपवादाशिवाय.

‘अपवादाशिवाय’ हा दावा कुणी करू शकतो कशाच्या जोरावर? अकरा अंकी क्रमांक शंभर अब्ज होतील. त्या प्रत्येकात होऊ शकणाऱ्या चुका कुणी करून पाहिलेल्या नाहीत, पाहायची गरजही नाही. खात्री तपासण्यांच्या संख्येतून आलेली नाही, रचनेतून आली आहे. जे कुणीही पाहिलेले नाही, पाहणारही नाही, त्याबद्दल पक्के विधान करण्याची ही शिस्त म्हणजेच डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, असे माझे मत आहे. पाठ्यपुस्तकात त्याची ओळख प्रकरणांच्या यादीने होते : संच, विधाने, संबंध, मांडण्या आणि निवडी, बिंदू-रेषांची जाळी, इंडक्शन. सुट्या, एकेक करून मोजता येणाऱ्या वस्तूंचे गणित, ही व्याख्याही चुकीची नाही. पण या यादीतल्या प्रकरणांना एकत्र बांधणारा धागा ‘सर्व’ या एका शब्दात आहे, आणि संगणकशास्त्राला या गणिताची गरज पडते ती त्याच शब्दापायी.

संगणकाला सतत ‘सर्वां’चा सामना करावा लागतो. चौसष्ट बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारा मंडल घ्या. त्याला दिल्या जाऊ शकणाऱ्या जोड्या २ चा १२८ वा घात इतक्या आहेत. सेकंदाला एक अब्ज जोड्या तपासल्या तरी काम संपायला लागणारी वर्षे १ वर बावीस शून्ये इतकी भरतील. विश्वाचे वय त्यापुढे नगण्य आहे. म्हणजे चौसष्ट बिटांची साधी बेरीज करणारा भागही पूर्ण तपासून कुणी विकलेला नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली, तिचे मूळ एका कोष्टकात होते. भरायला हव्या असलेल्या १०६६ नोंदींपैकी पाच राहून गेल्या होत्या. चाचण्या झाल्याच होत्या, पण चुकीचे उत्तर देणारा भागाकार अब्जावधींत एखादा, तो चाचण्यांच्या वाट्याला आला नाही. चिपा बदलून देण्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा भार हिशेबात धरला. त्यानंतर चिप बनवणाऱ्यांनी ज्या मार्गाकडे जोमाने मोर्चा वळवला तो अधिक चाचण्यांचा नव्हता. अंकगणिताचे भाग बरोबर आहेत हे तर्काने सिद्ध करण्याचा होता. चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा त्याच्या पंचवीसेक वर्षे आधीपासून सांगत होते.

या पार्श्वभूमीवर आपण हा विषय शिकवतो कसा? महाराष्ट्रातल्या मुलाची संचांशी ओळख नववीत होते. बारावीच्या विज्ञान शाखेत गणिताचे पहिलेच प्रकरण गणिती तर्कशास्त्राचे. त्यात विधाने, सत्यता सारणी, आणि शेवटी स्विचांचे मंडल : ‘आणि’ म्हणजे एकापुढे एक जोडलेले स्विच, ‘किंवा’ म्हणजे समांतर जोडलेले. ही जोडणी १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एमआयटीत आपल्या पदव्युत्तर प्रबंधात मांडली. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये विचारांचे नियम म्हणून लिहिलेले बीजगणित टेलिफोनच्या रिलेंना तंतोतंत लागू पडते, हे त्याने दाखवले, आणि तेव्हापासून मंडले रचणे हे अंदाजपंचे कौशल्य न राहता हिशेबाचे काम झाले. एवढी मोठी गोष्ट बारावीच्या वहीत येते, आणि वर्गात तिची ओळख कशी करून दिली जाते? ‘स्कोअरिंग चॅप्टर’. सारणीत टी आणि एफ भरा, गुण मिळवा, पुढे चला.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात तोच विषय पूर्ण पेपर होऊन येतो आणि त्याची दशा आणखी वाईट होते. मागच्या पाच वर्षांचे पेपर, ‘इम्पॉर्टंट’ म्हणून खुणा केलेले प्रश्न, प्रत्येक प्रकारचे एक सोडवलेले उदाहरण. इंडक्शन म्हणजे १ ते न पर्यंतच्या बेरजेचे सूत्र, वर्गांच्या बेरजेचे सूत्र, फार तर एखादी विभाज्यता. ‘न साठी खरे मानू, न+१ साठी सिद्ध करू’ हा मजकूर मुले डोळे मिटून लिहितात. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, तीच मुले रोज लूप लिहितात. प्रत्येक लूप बरोबर असण्याचे कारण इंडक्शन असते, ही गोष्ट त्यांना या मजल्यावर कुणी सांगत नाही आणि त्याही मजल्यावर नाही. माझी तक्रार अभ्यासक्रमातल्या प्रकरणांबद्दल नाही. प्रकरणे चांगली आहेत. त्यांतून ‘सर्व’ काढून टाकून फक्त ‘हे एक उदाहरण सोडवा’ उरवले आहे, याबद्दल आहे.

यावर नोकरी करणारे प्रोग्रॅमर एक आक्षेप घेतात आणि तो प्रामाणिक आहे. आम्ही वर्षानुवर्षे वेबसाइट बांधतो, अॅप बांधतो, आम्हाला कधी पंचकोन लागला नाही की इंडक्शन लागले नाही. लागणारे सगळे लायब्ररीत तयार असते. हे खरे आहे, पण अर्धेच. लायब्ररीत ते कुणीतरी ठेवले म्हणून तुम्हाला लागले नाही, हे उत्तर देता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणाचे तरी आहे असेच त्यातून निघते. महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. हे गणित रोज लागते, पण ते गणिताच्या वेशात येत नाही, बगच्या वेशात येते.

डेटाबेसचे उदाहरण घ्या. १९७० मध्ये एडगर कॉडने माहितीची कोष्टके ही गणितातले संबंध आहेत असे मानून सगळी रचना उभी केली, आणि आजही बँका, रेल्वे, विद्यापीठे त्यावर चालतात. समजा कॉलेजच्या क्लार्कला हवे आहे : थकबाकीदारांच्या यादीत ज्यांचा क्रमांक नाही असे सगळे विद्यार्थी. प्रोग्रॅमर ‘नॉट इन’ वापरून एका ओळीत प्रश्न लिहितो. थकबाकीच्या यादीत एका ठिकाणी क्रमांक भरायचा राहिला असेल, तिथे ‘नल’ असेल, तर उत्तरात एकही विद्यार्थी येत नाही. चूक झाल्याचा संदेश नाही, इशारा नाही, कोरी यादी. का? कारण ‘नल’ म्हणजे अज्ञात, आणि १५ हा क्रमांक अज्ञातापेक्षा वेगळा आहे का या प्रश्नाचे उत्तरही अज्ञात. ‘यादीतल्या सर्वांपेक्षा वेगळा’ या विधानात एक घटक अज्ञात असला तर सगळे विधान कधीच खरे ठरू शकत नाही. ज्याने सत्यता सारणी समजून भरली आहे त्याला हे दोन मिनिटांत दिसते. ज्याने ती गुणांसाठी भरली आहे तो संध्याकाळ घालवतो आणि शेवटी हा एक विचित्र नियम म्हणून पाठ करतो.

किंवा रिकामी यादी. ‘या सभासदाची सर्व बिले भरलेली आहेत का?’ ज्याच्या नावावर बिलच नाही त्याच्याबद्दल उत्तर काय द्यायचे? तर्कशास्त्र म्हणते, खरे. कारण ते खोटे ठरवायला न भरलेले एक तरी बिल दाखवावे लागेल, आणि ते नाही. पायथॉनसारख्या भाषाही हेच उत्तर देतात. बारावीच्या वर्गात ‘खोट्यावरून काहीही निघाले तरी विधान खरे’ ही ओळ मुलांना चमत्कारिक वाटते, आणि शिक्षक ती ‘असेच असते’ म्हणून सोडून देतात. रिकाम्या यादीवर कोसळणारे प्रोग्रॅम किती असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या ओळीवर घालवलेला एक तास वाया गेला असे वाटणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याला मी अधिक वेळ देणार आहे. सिद्धता दिली म्हणून प्रोग्रॅम बरोबर चालतोच असे कुठे आहे? याचे प्रसिद्ध उदाहरण बायनरी सर्चचे.

क्रमाने लावलेल्या यादीत नाव शोधायचे. मधले नाव पाहा. हवे असलेले नाव त्याच्या आधीचे असेल तर उत्तरार्ध टाका, नंतरचे असेल तर पूर्वार्ध टाका. उरलेल्या भागात पुन्हा तेच. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख होते. ती सगळी नावे एका क्रमाने लावली तर कोणतेही नाव जास्तीत जास्त २७ तुलनांत सापडते, कारण २ चा २७ वा घात १३ कोटींच्या वर जातो. कल्पना शाळकरी मुलाला समजेल अशी. तरीही १९४६ मध्ये तिचा उल्लेख झाल्यापासून कोणत्याही लांबीच्या यादीवर नीट चालणारा प्रोग्रॅम छापला जाईपर्यंत सुमारे दीड दशक गेले. टोकाच्या जागा फसवतात : यादीत एकच नाव, एकही नाव नाही, शोधलेले नाव अगदी शेवटचे.

यातून सुटण्याचा मार्ग असा. लूप फिरत असताना कधीही न बिघडणारे एक वाक्य शोधायचे. इथे ते वाक्य हे : ‘नाव यादीत असेलच, तर ते खालची सीमा आणि वरची सीमा यांच्यामध्येच आहे.’ सुरुवातीला ते खरे आहे, कारण सीमा म्हणजे पूर्ण यादी. एका फेरीपूर्वी खरे असेल तर फेरीनंतरही खरे राहते, कारण टाकलेल्या अर्ध्यात नाव असूच शकत नाही. प्रत्येक फेरीत मधला भाग आखडतो, म्हणजे लूप कधीतरी थांबणारच. थांबेल तेव्हा नाव हाती असेल किंवा मधला भाग रिकामा असेल. हे इंडक्शन आहे. वर्गातल्या फळ्यावर बेरजेच्या सूत्रासाठी लिहितात तेच. जॉन बेंटली यांनी आपल्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात बायनरी सर्च याच पद्धतीने सिद्ध करून दाखवला होता.

आणि तरीही २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की जावाच्या लायब्ररीतल्या, त्यांनी स्वतः लिहिलेल्या, त्याच पद्धतीच्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. मधली जागा काढण्यासाठी दोन्ही सीमांची बेरीज करून दोनाने भागले होते. बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की दोन सीमांची बेरीज ही मर्यादा ओलांडते आणि ऋण होऊन बसते. जगभरच्या संगणकांवर रोज चालणारा, पुस्तकात सिद्ध झालेला प्रोग्रॅम.

मग सिद्धता फुकट गेली का? नाही. सिद्धतेत ‘पूर्णांक’ असे म्हटले होते आणि पूर्णांकांबद्दल ती आजही निर्दोष आहे. यंत्राकडे पूर्णांक नव्हतेच. त्याच्याकडे २ च्या ३२ व्या घाताने भागून उरणाऱ्या बाक्या होत्या, आणि बाक्यांचे अंकगणित वेगळे असते. दोन धन संख्यांची बेरीज त्यात ऋण दिसू शकते. ही माहितीसुद्धा डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचीच आहे, त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणातली. आणि दुरुस्तीही तिथलीच : दोन सीमांची बेरीज न करता त्यांच्यातला फरक घ्या, त्याचा अर्धा करून खालच्या सीमेत मिळवा, फरक कधीच मर्यादेबाहेर जात नाही. सिद्धतेने दिलेली खरी देणगी इथे दिसते. चूक कोणत्या गृहीतात आहे यावर थेट बोट ठेवता आले. सिद्धता नसती तर प्रोग्रॅम ‘कधी कधी बिघडतो’ एवढेच कळले असते. खात्री नेहमी गृहीतांच्या हद्दीतली असते, हे सांगणारे गणित मला त्यामुळे कमी विश्वासार्ह वाटत नाही, उलट जास्त वाटते.

‘सर्व’ न लिहिता सर्वांबद्दल बोलायची ही ओढ संगणकाबरोबर जन्मलेली नाही. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्याच्या स्वराध्यायात सात स्वर प्रत्येकी एकदा घेऊन होणाऱ्या ५०४० मांडण्यांचा विचार केला. त्या सगळ्या लिहून काढणे म्हणजे प्रस्तार. पण शार्ङ्गदेव तिथे थांबत नाही. तो दोन प्रश्न विचारतो, जे त्याच्याही कितीतरी आधी पिंगलाच्या छंदशास्त्रात विचारले गेले होते. मांडणीचा क्रमांक दिला आणि मांडणी हरवली असेल तर ती शोधा, हे नष्ट. मांडणी दिली तर तिचा क्रमांक सांगा, हे उद्दिष्ट. आणि दोन्ही, प्रस्तार न लिहिता, खंडमेरू नावाच्या एका लहान कोष्टकावरून.

शार्ङ्गदेवाचा मांडणीचा क्रम वेगळा आहे. तत्त्व समजण्यासाठी आपण सा, रे, ग, म, प, ध, नी असा शब्दकोशासारखा क्रम घेऊ आणि हजारावी मांडणी काढू. पहिला स्वर ठरला की उरलेल्या सहांच्या ७२० मांडण्या. म्हणजे सा ने सुरू होणाऱ्या ७२० संपल्या, हजारावी रे च्या गटात, त्यातली २८० वी. आता उरलेल्या सहांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला १२०. दोन गट संपले, तिसरा स्वर म, त्यातली ४० वी. पुढे २४ चे गट, मग ६ चे, मग २ चे. उत्तर : रे म ग ध प नी सा. सहा भागाकार झाले आणि ५०४० ओळींच्या यादीतली एक ओळ, यादी अस्तित्वात नसताना, हाती आली. आज चाचण्यांसाठी मांडण्या निवडणारे प्रोग्रॅम नेमके हेच करतात. हे सांगताना आपल्याकडे सगळे आधीच होते असा दावा मला करायचा नाही. देवगिरीत संगणक नव्हता आणि त्याची कल्पनाही नव्हती. मला त्या प्रश्नाचे मोल वाटते. शार्ङ्गदेवाच्या थोडेसेच आधी, १२०७ च्या सुमारास, त्याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजच्या चाळीसगावाजवळच्या पाटण्याला आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उघडला होता. त्यांतल्या ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाश हा भाग आहे, अंकांच्या मांडण्या मोजण्याचा. गायन, छंद आणि हिशेब एकाच प्रकारच्या विचाराने बांधले जाऊ शकतात, हे त्या प्रदेशात त्या काळी कुणाला खटकत नव्हते.

याच प्रदेशाशी नाते सांगणारे दुसरे उदाहरण विसाव्या शतकातले. १७८२ मध्ये ऑयलरने एक कोडे मांडले. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी. छत्तीस जणांना सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. त्याला जमले नाही, आणि ६, १०, १४, १८ अशा कोणत्याही आकाराला हे जमणार नाही असा तर्क त्याने केला. १९०१ मध्ये गास्तों तारी यांनी सहाबद्दल तो खरा असल्याचे सिद्ध केले. दहाचे काय? दहाच्या आकाराचे, प्रत्येक ओळीत व स्तंभात दहाही चिन्हे एकदाच असलेले चौरस जवळपास १ वर ३७ शून्ये इतके आहेत. त्या काळच्या संगणकांनी शोध घेऊन पाहिला, हाती काही लागले नाही, आणि लागले नाही म्हणून काही सिद्धही झाले नाही.

१९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ऑयलरचा तर्क मोडला. श्रीखंडे यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरचे. पुढे मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग त्यांनी घडवला, आणि २०२० मध्ये वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षात त्यांचे निधन झाले. बोस आणि श्रीखंडे यांनी आधी २२ चा चौरस रचला, पार्करने १० चा, आणि मग तिघांनी मिळून दाखवले की २ आणि ६ सोडून प्रत्येक आकाराला तो चौरस असतोच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी पहिल्या पानावर छापली. त्यांनी चौरस शोधत बसण्याऐवजी लहान रचनांतून मोठी रचना हमखास कशी उभी राहते हे पाहिले. अशा रचनांचे गणित शेतीच्या प्रयोगांची आखणी करण्यासाठी वाढले होते. त्याच बोस यांनी दुसऱ्याच वर्षी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्याबरोबर चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचे एक घराणे मांडले, जे आज ‘बीसीएच’ म्हणून ओळखले जाते आणि माहिती साठवताना, पाठवताना वापरले जाते. आधारचा बारावा अंक चूक आहे एवढेच सांगतो. हे संकेत चूक कुठे आहे तेही सांगतात आणि ती सुधारतात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, अपवादाशिवाय.

आता कोड यंत्रच लिहून देऊ लागले आहे. तेव्हा हे सगळे शिकवण्याची गरज काय, असा सूर मी कॉलेजांत आणि पालकांच्या तोंडी ऐकतो. मला उलटे दिसते. कोड लिहिणे महाग होते तेव्हा लिहिता लिहिता माणूस त्याबद्दल विचार तरी करत होता. आता पानेच्या पाने क्षणात मिळतात, आणि ती बरोबर आहेत की नाहीत हा प्रश्न तितक्याच वेगाने साचत जातो. यंत्राने दिलेला बायनरी सर्च चार उदाहरणांवर चालवून ‘चालतो’ म्हणणारा अभियंता आणि त्यातले न बिघडणारे वाक्य विचारणारा अभियंता यांच्यात फरक आहे, आणि तो फरक या एका विषयाने पडू शकतो.

म्हणून मागणी अगदी ठोस आहे. पहिली, इंडक्शनचे पहिले उदाहरण लूपचे असावे, बेरजेचे सूत्र नंतर. दुसरी, गणिताचा तास आणि प्रयोगशाळेचा तास एकाच शिक्षकाकडे किंवा निदान एकमेकांशी बोलणाऱ्या दोघांकडे असावेत. आज गणित विभाग वेगळा, संगणक विभाग वेगळा, आणि विषय दोघांच्या मधल्या जागेत पडतो. तिसरी परीक्षेबद्दल. ‘सोडवा’ आणि ‘सिद्ध करा’ या दोन ठरीव प्रकारांऐवजी निम्मे गुण अशा प्रश्नांना हवेत : ‘पुढील विधान सर्वांसाठी खरे आहे का? असेल तर कारण द्या. नसेल तर ते मोडणारे सर्वांत लहान उदाहरण द्या.’ अशा प्रश्नाचे उत्तर पाठ करता येत नाही आणि मागच्या पेपरांत सापडत नाही. ‘दहाने भागून बाकी घेणारी वजनांची कोणतीही पद्धत शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते’ हे विधान मुलांपुढे ठेवा. काही जण मान डोलावतील, काही जण २७ आणि ७२ करून पाहतील, एखादी मुलगी वजनांतला फरक सम आहे हे ओळखेल.

याला प्राध्यापकांचे उत्तर ठरलेले असते आणि ते मला मान्य आहे : असे पेपर तपासायला वेळ लागतो. उत्तर एका ओळीचे असू शकते किंवा पानभराचे, दोन्ही बरोबर असू शकतात, आणि प्रत्येक वाचावे लागते. रिकाम्या जागा न भरता तासिका तत्त्वावर आणलेल्या, चार वर्गांत धावणाऱ्या शिक्षकाकडून हे होणार नाही. तेव्हा अभ्यासक्रमाच्या समितीत एखादे प्रकरण वाढवायचे की कमी करायचे यावर जेवढा वाद होतो, तेवढा वाद या विषयाच्या एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत यावर आधी व्हायला हवा.